पहिला आकडा माझा

रविवार, ७ सप्टेंबर २००८

जपानला दोन मिनिटांचा फोन म्हणजे वीस-बावीस रुपये, असं घनश्याम मुनीम समजतो. खरा खर्च वेगळा. इंटरनेट फक्त गुलाबचंद शेठच्या मिलच्या ऑफिसात, म्हणून रविवारी नऊच्या आत तिथे हजर व्हायचं. रविवारी घनश्यामने कुलूप काढावं म्हणून दोन समोसे, एक कचोरी, आणि त्याच्या साल्याची लग्नं कशी मोडतात ते पहिल्यापासून ऐकणं. लोडशेडिंग असेल तर जनरेटरमध्ये माझं डिझेल. रीना रायपूरहून त्याच वेळी घरी फोन करते, घंटी वाजत राहते, मग आठवडाभर रुसते. इतकं सगळं करून मिळतो एक आकडा. पूर्ण स्कोअरही नाही, अर्धा. उरलेला अर्धा मीच सांगतो.

ही वही रीनानेच दिली. म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही भिंतीशी बोलता, त्यापेक्षा लिहा. लिहितो.

मुरोतासान पाच वर्षांपूर्वी गोंदियात आला. तांदळातला काळा दाणा उडवणारी मशीन बसवायला कंपनीने त्याला शेठच्या मिलवर पाठवला, चाळीस दिवसांसाठी. मी फिटर, मिलची दुरुस्ती तेव्हाही माझ्याकडेच. पहिल्या दिवशी पॉलिशरची बेअरिंग पाहायला मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावलं, मूठ कानाला. हा गडी माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्याने बॅगेतून स्वतःची लोखंडी सळई काढली आणि तिचं टोक माझ्या शेजारीच टेकवलं. दोघांनी ऐकलं. दोघांनी एकदम मान हलवली, खराब. भाषा लागलीच नाही.

त्याचे कान मात्र पाहण्यासारखे. दोन्ही चुरगळून फुगलेले, थंड झालेल्या भज्यांसारखे. जवानीत कंपनीच्या रग्बी टीममध्ये पुढच्या ओळीत डोकं घालून घालून तसे झाले. उराहामा त्याच्या कंपनीचं नाव, आणि टीमचंही. जपानात कंपन्यांच्या टीम असतात. वरच्या लीगमध्ये चौदा. हंगाम संपला की शेवटच्या दोन सरळ खाली. अकराव्या आणि बाराव्या टीमला खालच्या लीगमधून आलेल्या टीमशी एकच सामना खेळावा लागतो; हरली तर तीही खाली. उराहामा दोन वर्षांपूर्वीच वर चढली आहे.

आमचा रिवाज असा. सामना संपला की मी फोन लावतो. उराहामाचा आकडा मी म्हणतो, जपानीत. समोरच्या टीमचा तो म्हणतो. मग तो "गुड" म्हणतो किंवा "नो गुड", आणि शेवटी "नेक्स्ट". झालं.

आज मी म्हणालो, जू-नाना. सतरा.

तो म्हणाला, जू-नी. बारा. गुड!

जानेवारीत त्याचं कार्ड आलं होतं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. उराहामा स्टे टॉप, आय कम गोंदिया. खाली घरचा नंबर दिला होता. मागच्या वर्षीपर्यंत मोबाईल उचलायचा आणि मागे मैदानाचा कल्ला असायचा. यंदा घरीच असतो. उन्हात कोण बसणार, साठीच्या पुढे गेला तो.

टीम वर राहिली पाहिजे. एवढंच मला या हंगामात पाहिजे.

रविवार, २१ सप्टेंबर

हरलो. दहा-एकतीस.

गुलाबचंद शेठ ऑफिसात आले. माझी मान पडलेली पाहून म्हणाले, "क्यों सेवकराम, आज जापान में कौन मर गया?"

"हार गए, शेठ."

"तू खेला था?"

"शेठ, गोंदिया सोडा, भंडारा-बालाघाट धरून रग्बी समजणारा माणूस एकच आहे. तो तुमच्या समोर बसला आहे."

"और जरूरत कितनों की है?"

घनश्याम इतका हसला की चहा सांडला. मीही हसलो. पण बोललो ते खोटं नाही. आकडा पाहिला की मला सामना दिसतो. ट्रायचे, म्हणजे बॉल रेषेपार टेकवल्याचे, पाच, वरची किक बसली तर आणखी दोन, पेनल्टीचे तीन. दहा म्हणजे एक ट्राय, एक किक, एक पेनल्टी. म्हणजे गडी एकदाच आत घुसले, बाकी वेळ मार खाल्ला. बेअरिंग न उघडता ऐकून सांगतो, तसंच हे.

आणि मी खेळलो नाही असंही नाही. मुरोताने गोदामात एकदा हमालांना उभं केलं होतं. आठ इकडे, आठ तिकडे, खांद्याला खांदा, डोकी आत. मी पुढच्या ओळीत, माझ्या बगलेत मंगरू हमाल. मुरोता दुसऱ्या बाजूने. "पुश!" ओरडला आणि आम्ही त्याला धानाच्या थप्पीपर्यंत रेटत नेलं. मंगरू म्हणे, "भाऊ, याच्यात पोतं कुठं हाय? बिनपोत्याची हमाली कायले करून राहिलो आपण?" शेठ धावत आले, "ये क्या तमाशा है, ट्रक तुम्हारा बाप खाली करेगा?" मुरोता खाली पडून हसत होता. अंगभर कोंडा.

त्या दिवशी घरी आलो तर रीनाची आई ललिता म्हणाली, आज काय पिऊन आलात? इतके हसू नका, नजर लागते.

रविवार, १९ ऑक्टोबर

हरलो, पण थोडक्यात. पंधरा-सतरा.

आज फोनवर एक नवीन गोष्ट ऐकू आली. मुरोताने आकडा सांगायला वेळ लावला, त्या वेळात मागचा आवाज कानात आला. बारीक घरघर, आणि दर पाच-सहा सेकंदांनी फुस्स. घरघर, फुस्स. छोटा कंप्रेसर. मी डोळे मिटून ऐकलं. मोटर चांगली आहे, पण हवा सोडणारा वॉल्व्ह मध्येच अडकतो, तेव्हा फुस्स थोडं उशिरा होतं.

रिटायर झाल्यावर घरी काम सुरू केलेलं दिसतं. पेंटिंगची गन असेल, नाहीतर माशांची मोठी टाकी. हातांना सवय असली की माणूस रिकामा बसत नाही. मलाच पाहा, एकसष्ट पूर्ण झाले. सालेकशाहून चौदाव्या वर्षी हमालीला आलो, आज रिंगरोडवर स्वतःचा वर्कशॉप, तरी रोज हात काळे होतातच.

दोन हजार कोसांवरची मशीन फोनवर ऐकून बिघाड सांगणारा फिटर दाखवा मला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळीच्या गर्दीत पोस्टात दीड तास उभा राहिलो. जपानला पार्सल गेलं. आत वॉल्व्हच्या तीन रबरी चकत्या. जाड रबर मी स्वतः कापून घासलं. सोबत कागदावर कंप्रेसरचं चित्र आणि चकती कुठे बसवायची त्याचा बाण.

माझा जुना कारागीर भैय्यालाल कालपासून पाहत होता. आज त्याच्याने राहवलं नाही.

"भाऊ, जपानले चकती काऊन पाठवून राहिले? तेथून तं आपल्याकडं मशीन येते."

"मशीन येते, कान येतात का?"

"आन् त्यानं ते बसवलं नाही तं?"

"बसवेल."

"मंग तुमची कंपनी जपानात उघडा. मले इथं कोन पगार देईल?"

घरी आलो. दिवे लावायचे की नाही ते ठरत नव्हतं. एक लावला.

रविवार, २३ नोव्हेंबर

ओळीने चार हरलो. टेबलात बारावे. दिवसभर मिल सुरू, धान येऊन राहिलं आहे, पट्टे तुटतात, तरी सकाळचे दोन तास मी चोरलेच.

मी म्हणालो, हाची. आठ.

तो म्हणाला, निजू-नी. बावीस. नो गुड.

मग म्हणाला, "सेवाकू." मला तो सेवाकू म्हणतो. "पारुसेरू." पार्सल. आणि हसायला लागला. असा हसला, गोदामात हसला होता तसा. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. मागे बाईचा आवाज. खोकल्यातच म्हणाला, "गुड. व्हेरी गुड. नेक्स्ट."

चकती बसवली नाही अजून, ऐकू येतंच. फुस्स उशिरानेच होतं. वेळ मिळाला नसेल. तिकडे आता थंडीही सुरू झाली असेल.

रीनाचा नंतर फोन आला. "बाबा, जपानशी हसता, माझ्याशी 'हो, जेवलो' एवढंच बोलता."

मी म्हणालो, "तिकडे भाषा येत नाही ना, म्हणून बोलता येतं."

तिला वाटलं मी थट्टा करतो.

मंगळवार, २३ डिसेंबर

मंगरूला दवाखान्यात टाकलं आहे. चाळीस वर्षं कोंड्यात हमाली, छाती भरली. गाडी काढून पाहायला गेलो.

वॉर्डात शिरलो आणि दारातच थांबलो. घरघर, फुस्स. घरघर, फुस्स. तोच आवाज. चाल तीच, मापही तेच, फक्त हा वॉल्व्ह वेळेवर सुटत होता. मी पलंगाखाली वाकून कंप्रेसर शोधायला लागलो.

नर्स म्हणाली, "काका, काय पडलं?"

"ही मशीन कशाची?"

"ऑक्सिजनची. हवेतून काढते. हात नका लावू."

मंगरूच्या नाकात नळी. त्याने माझा हात धरला. "भाऊ," म्हणे, "उभे काऊन राहिले? बसा नं." मी बसलो. काय बोललो ते आठवत नाही. त्याची बायको संत्री सोलून देत होती, ती मीच खाल्ली.

मी जपानला ऑक्सिजनच्या मशीनसाठी रबरी चकत्या पाठवल्या. चित्र काढून, बाण दाखवून.

आणि तो हसला.

शनिवार, ३ जानेवारी २००९

नागरा रस्त्यावरच्या विहारात गेलो. भन्ते सुमेध तरुणपणी तीन वर्षं जपानात होते, हे पावसाळ्यात वर्षावासाच्या प्रवचनात ऐकलं होतं. सगळं सांगितलं. चकत्यांचंही सांगितलं. भन्ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटली.

मी म्हणालो, "भन्तेजी, आजारी माणसाला तिकडे काय म्हणतात?"

"ओदाइजी नी. तब्येत जपा."

"बस, एवढंच?"

"एवढंच पुरतं, सेवकरामजी. म्हणताना घाई करू नका."

स्कूटरवर परत येताना म्हणतच आलो. फुलचूर नाक्यावर ट्रॅफिकवाल्याने थांबवलं तर त्यालाही म्हणालो असतो.

मुरोताचं यंदाचं कार्ड अजून आलेलं नाही. मागच्या वर्षी बारा तारखेला आलं होतं.

रविवार, ११ जानेवारी

लीगचा शेवटचा सामना. वीज नऊलाच गेली, जनरेटर सुरू करायला मला धावावं लागलं. हरलो. बारावे राहिलो. आता आठ फेब्रुवारीला खालच्या लीगच्या टीमशी एक सामना, त्यावर सगळं.

फोन त्यानेच उचलला. मशीन चालू होती. दोन फुस्समधलं अंतर वाढलेलं.

मी म्हणालो, जू-सान. तेरा.

फुस्स तीनदा झालं. मग, निजू-योन. चोवीस.

आता म्हणायचं होतं. ओदाइजी नी. तोंडात तयार होतं. पण पाच वर्षांत आकडे आणि ते एक पार्सल सोडलं तर आम्ही काही बोललो नव्हतो. मी ते म्हटलं की त्याला कळणार, याला कळलं. मग पुढच्या वेळी तो सेवाकू म्हणून हसणार नाही, सांभाळून बोलेल. दवाखान्यात मंगरूशी सगळे बोलतात तसं. मला वाटलं, आज नको. टीम वाचली की म्हणू, त्या आनंदात हलकं होईल.

तो म्हणाला, "नेक्स्ट."

मी म्हणालो, "नेक्स्ट."

घरी येऊन वाटतंय की मी चुकलो. पण पुन्हा फोन करायला आकडा नाही माझ्याकडे.

रविवार, १ फेब्रुवारी

मंगरूला घरी सोडलं. मशीनशिवाय चालतो. मला म्हणे, "कधी येऊन राहिला तुमचा जपान्या? पुन्हा रेटू त्याले."

मागची खोली मी चुन्याने रंगवून घेतली. मच्छरदाणी आणली. तो आला तेव्हा लॉजवर राहिला होता, या वेळी लॉज नाही. भैय्यालाल म्हणतो, "भाऊ, पोरगी पाहायले येऊन राहिले का कोनी?"

रविवार, ८ फेब्रुवारी

इंटरनेटच्या पानावर दर पाच मिनिटांनी आकडा बदलायचा. घनश्याम आज साल्यावर काही बोलला नाही, तोही खुर्ची ओढून बसला. सात-शून्य. सात-सात. दहा-चौदा. दहा-एकोणीस. तिथेच अडकलं. मी उठून बाहेर गेलो, हौदावर तोंड धुतलं. आत आलो तर तेरा. मग सोळा. नुसत्या पेनल्ट्या, ट्राय नाहीच. म्हणजे दमलेत, पण मागे हटत नाहीत.

मग पान हलेना. घनश्याम माउस आपटायला लागला. अकरा वाजून सात मिनिटांनी आकडा आला. एकोणीस-एकोणीस. बाजूला सामना संपल्याची खूण, ती मला आकारावरून ओळखता येते.

"ये क्या हुआ? टाय?" घनश्याम म्हणाला. "अब?"

बरोबरीत वरची टीम वरच राहते. हे मुरोताने दोन वर्षांपूर्वी कार्डावर दोन डबे काढून समजावलं होतं. मी घनश्यामला मिठी मारली. तो म्हणे, "अरे छोड़, बनियान गीला हो गया."

फोन लावला. एका बाईने उचलला.

मला वाटलं चुकीचा लागला. तरी मी म्हणालो, जू-क्यू.

तिकडे श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, जू-क्यू.

रिवाज तिला माहीत होता. मी वाट पाहिली, गुड म्हणेल, नाहीतर त्याला देईल. मी कान दाबून ऐकलं. मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. मशीन नव्हती. बंद केलेली. म्हणजे मंगरूसारखीच निघाली असणार, आता लागत नसेल. जेवून झोपला असेल, तिकडे दुपारचे तीन वाजलेले.

मग मी ते म्हटलं. भन्तेजींनी सांगितलं तसं, घाई न करता. ओदाइजी नी.

ती म्हणाली, आरिगातो. आभार. आणि पुन्हा एकदा, आरिगातो. आवाज हलका होता.

मी गुलाबचंद शेठला पेढे दिले. म्हणाले, "किस खुशी में? जीते तो नहीं."

"गिरे नहीं, शेठ."

मंगळवार, १० फेब्रुवारी

झोप लागत नाही आणि कारण सापडत नाही. मशीन बंद आहे ही चांगली गोष्ट. मी तिच्यावरच बोट ठेवून बसलो आहे. चालणारी मशीन मला कळते. बंद मशीन बंद का आहे, हे नुसतं ऐकून कोणत्या फिटरला कळतं?

रीनाचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी म्हणाली, "बाबा, भन्तेजींना सोबत घेऊन फोन करा. उद्याच करा."

"काऊन, तुला काय वाटतं?"

"करा तुम्ही."

रविवार, १५ फेब्रुवारी

उद्याच करा म्हणाली होती, मी पाच दिवस लावले.

आज भन्ते सुमेध घरी आले. रंगवलेल्या खोलीतच फोन ओढून घेतला. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने डोळे मिटले. मला ते पाहूनच कळलं.

मुरोता अठरा जानेवारीला गेला. आम्ही नेक्स्ट म्हणालो त्याच्या पुढच्या रविवारी. फुप्फुसं दोन वर्षांपासून गेलेली होती. बाई म्हणाल्या, आठ तारखेला फोन येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सामन्याचा स्कोअर शेवटपर्यंत पाहिला. ऐन वेळी दुसरं काही सांगता आलं नाही, याची त्यांनी माफी मागितली. भन्तेजींनी ते मला दोनदा सांगितलं, पहिल्यांदा मी ऐकलं नाही.

मी म्हणालो, त्यांना सांगा की मला माफ करा, मी आजारी माणसाचं वाक्य त्यांना म्हणालो.

भन्तेजींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, गेल्या महिनाभरात मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग त्या काहीतरी विचारत होत्या, आणि भन्तेजी माझ्याकडे पाहत होते.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यांचे यजमान सगळ्यांना सांगायचे, इंडियात माझ्या जोडीचा एक खेळाडू आहे. कंपनीत कोणाला कळत नाही तेवढा खेळ त्याला कळतो. बाईंना खेळातलं काही कळत नाही, पण आता घरात बोलायला कोणी नाही, तर त्यांना शिकायचं आहे. पुढच्या हंगामात त्या मैदानावर जाणार. विचारतात, तुम्ही सांगा, सामना पाहताना आधी कुणाकडे पाहायचं?"

फोन भन्तेजींच्या हातात होता. मी म्हणालो, खरं तेच सांगा. मी रग्बीचा सामना आजपर्यंत एकदाही पाहिलेला नाही.